गाडीचा ऑटो एसी २४ वर ठेवूनही घाम का येतो, आणि काय करावे

डिस्प्लेवरचा २४ हा आकडा केबिनचा असतो, व्हेंटमधून येणाऱ्या हवेचा नव्हे. उन्हात तापलेली गाडी तिथवर आणायला यंत्रणा सुरुवातीला पूर्ण जोरात गार हवा सोडते आणि मग ब्लोअर (एसीचा पंखा) हळूहळू मंदावतो. त्यामुळे १८ केल्याने गाडी लवकर गार होत नाही, फक्त नंतर कुडकुडायला होते. आधी मिनिटभर काचा खाली ठेवून गाडी चालवा, आतली कोंडलेली गरम हवा जाऊ द्या. मग काचा वर, २४ किंवा २५, ऑटो, रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणे). पंख्याला हात लावू नका. बहुतेक गाड्यांत त्याला हात लागताच ऑटोचा दिवा विझतो आणि पंखा मॅन्युअलवर येतो.

तरीही जमत नसेल तर आधी सेन्सर पाहा. विंडस्क्रीनजवळ डॅशबोर्डवर काळ्या बटणासारखा दिसतो तो उन्हाचा सेन्सर. त्याच्यावर गणपती, मोबाइलचे स्टँड किंवा टॉवेल आला की गाडीला ऊन नाही असे वाटते आणि ती हात आखडता घेते. बाप्पांना चार बोटे सरकवा. केबिनचा सेन्सर स्टिअरिंगच्या आसपास एका छोट्या जाळीमागे असतो आणि आतली हवा ओढून मोजतो. ती जाळी धुळीने बुजते. व्हॅक्यूमने हलकेच साफ करा, स्प्रे मारू नका. तिसरा सेन्सर पुढच्या बंपरमागे. सायनला ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर बाहेर ४२ अंश दिसतात ते इंजिनच्या उष्णतेमुळे, गाडी पळू लागली की आकडा खाली येतो.

खरी अडचण दमटपणाची. बऱ्याच गाड्यांतली यंत्रणा तापमान मोजते, आर्द्रता नाही. पावसाळ्यात बाहेर २६ अंश असले की तिला काम संपले असे वाटते, आत मात्र चिकचिक. अशा वेळी इको मोड (पेट्रोल वाचवणारी सोय) काढा आणि एसीचे बटण चालूच ठेवा, कारण हवा कोरडी करतो तो कॉम्प्रेसर.

काचेवर धुके आले तर आधी ते कुठल्या बाजूला आहे ते ओळखा. वायपर फिरवल्यावर गेले तर बाहेरून आहे: काच जास्त गार झाली आहे. व्हेंट काचेपासून वळवा, तापमान २६-२७ करा. डीफ्रॉस्टने, म्हणजे समोरच्या काचेवर हवा सोडणाऱ्या बटणाने, गार हवा तिच्यावर गेली तर धुके वाढेल. वायपरने गेले नाही तर आतून आहे, ओल्या छत्र्या आणि कपड्यांचे. आता डीफ्रॉस्ट, एसी चालू, बाहेरची हवा आत. पेट्रोल वाचवायला इथे एसी बंद करणे ही सर्वात मोठी चूक. डीफ्रॉस्टचे बटण टचस्क्रीनच्या तिसऱ्या पानात दडवणाऱ्यांनी अंधेरीच्या पावसात एकदा गाडी चालवून पाहावी. तुमच्या गाडीत ते कुठे आहे, हे कोरड्या दिवशीच शोधून ठेवा.

बसच्या धुरामागे किंवा कोस्टल रोडच्या बोगद्यात रिसर्क्युलेशन ठीक. चार माणसे बसली असतील तर दर १५-२० मिनिटांनी थोडा वेळ बाहेरची हवा घ्या, नाहीतर डोळे जड होतात.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत कॉम्प्रेसरही थांबतो (स्ट्राँग हायब्रिड वगळता) आणि दमट, कुबट हवा येते. ती सोय बटणाने बंद करता येते, पण बहुतेक गाड्यांत दर वेळी नव्याने. रोजचा कुबट वास असेल तर घरी पोहोचण्याआधी ३-४ मिनिटे एसी बंद करून नुसता पंखा ठेवा. केबिन फिल्टर सहसा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. मुंबईच्या धुळीत तो १०,००० किलोमीटरला किंवा वर्षाला बदला, हवेच्या दिशेचा बाण पाहूनच बसवा.

गॅरेजमध्ये पहिले वाक्य ठरलेले, "गॅस भरून घ्या." गॅस वापरून संपत नाही. कमी झाला तर गळती आहे, आधी ती शोधायला सांगा. त्याआधी मधल्या व्हेंटमध्ये थर्मामीटर लावा, तापमान लो (सर्वात कमी), रिसर्क्युलेशन, इंजिन १५०० आरपीएमवर पाच मिनिटे. ८ ते १२ अंश आले तर गॅस बहुधा ठीक आहे. एका बाजूला गार, दुसरीकडे कोमट आणि डॅशबोर्डमागे टकटक असेल, तर गरम-गार हवा मिसळणाऱ्या झडपेची मोटर तपासायला लावा. डाव्या सीटखाली पाणी साचत असेल, तर एसीचा ड्रेन पाइप बुजला आहे का ते बघून घ्या.