बाहेरच्या भिंतीला चकाकी किती हवी?

रंगाची छटा निवडायला आपण आठवडा घालवतो, आणि फिनिश, म्हणजे रंगाची चकाकी, मात्र रंगारी सांगेल ती! खरं तर आधी भिंत बघा. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ती निरखलीत, की प्लास्टरचे उंचवटे, जुने पॅच, बुजवलेल्या भेगा सगळं उठून दिसतं. अशा भिंतीला मॅट, म्हणजे बिनचमकीचं, फिनिशच घ्या. चकाकी असली की प्रत्येक खोट दुरूनही दिसते. मात्र मॅटवर धूळ आणि शेवाळ लवकर धरतं. म्हणून कोकणात किंवा रस्त्यालगतच्या घराला, प्लास्टर सपाट असेल तर, हलक्या चमकीचा शीन इमल्शन (पाण्यात मिसळायचा रंग) बरा. पावसाने तो बऱ्यापैकी धुऊन निघतो.

खिडकीच्या ग्रिल आणि गेटला ग्लॉस इनॅमल (भरपूर चमकीचा ऑइल पेंट), पण आधी गंज खरवडून रेड ऑक्साइड प्रायमर, म्हणजे गंजरोधक अस्तराचा हात. तो हात वाचवायला जाऊ नका. लाकडी दाराला सॅटिन, म्हणजे मंद चमकीचं फिनिश, शोभतं.

नवं प्लास्टर असेल तर पाणी मारणं संपल्यावरही भिंत पूर्ण वाळू द्या. साधारण 28 दिवस तरी थांबा. ओल आतून येत असेल, तर कुठलंही फिनिश पापुद्र्यासारखं सुटणारच.