अमेरिकी गॅलन, कप, औंस यांचे लिटर-मिलिलिटर कसे करावे

लांबलचक तक्ता पाठ करू नका. एकच आकडा पक्का ठेवा: अमेरिकी गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. बाकी मापं त्यातून काढता येतात.

पण आकडेमोड सुरू करण्याआधी माप अमेरिकी आहे की ब्रिटिश, हे बघा. माझ्या मते मोठी चूक गुणाकारात होत नाही, इथे होते. इंग्लंडात वाइन मोजायला २३१ घन इंचांचा गॅलन चालत असे. अमेरिकेने तोच ठेवला. ब्रिटनने मात्र १८२४ च्या कायद्याने नवा, मोठा गॅलन स्वीकारला. तो ४.५४६ लिटरचा. म्हणून अमेरिकी पाइंट, म्हणजे गॅलनचा आठवा भाग, ४७३ मिलिलिटरचा, तर ब्रिटिश ५६८ चा. नाव एकच, फरक जवळजवळ शंभर मिलिलिटरचा!

माप अमेरिकी असल्याची खात्री झाली की गॅलनवरून एकेक पायरी उतरा. गॅलनचे ४ क्वार्ट, क्वार्टचे २ पाइंट, पाइंटचे २ कप, कपाचे ८ फ्लुइड औंस. म्हणजे क्वार्ट ९४६ मिलिलिटर, कप २३६.६, औंस २९.५७. औंसाचे २ टेबलस्पून आणि टेबलस्पूनचे ३ टीस्पून होतात. टीस्पून साधारण ५ मिलिलिटरचा.

आता अडीच क्वार्ट घ्या. २.५ × ९४६ = २,३६५ मिलिलिटर, म्हणजे सुमारे २.३७ लिटर. उलट जायचं तर भागा: ७५० मिलिलिटर ÷ २९.५७ = २५.४ औंस. उत्तर पटतंय का ते लगेच कळतं, कारण क्वार्ट लिटरहून किंचित लहान आहे. लिटरचा आकडा क्वार्टच्या आकड्यापेक्षा मोठा आला, तर गुणाकार-भागाकाराची उलटापालट झाली आहे.

आकडा पूर्णांकात आणायचा तो अगदी शेवटी. औंस ३० मिलिलिटरचा धरला तर एक-दोन औंसांना काही बिघडत नाही, पण गॅलनभर, म्हणजे १२८ औंसांना, तब्बल ५५ मिलिलिटर जास्त येतात. अमेरिकेतल्या पोषणमूल्यांच्या लेबलवर कप २४० आणि औंस ३० मिलिलिटरचाच धरतात, तिथे तेच आकडे वापरा.

नुसतं ‘औंस’ लिहिलं असेल तर थांबा. वजनाचा औंस २८.३५ ग्रॅमचा असतो. पीठ, साखर, तेल यांची घनता वेगवेगळी, त्यामुळे त्याचं मिलिलिटरमध्ये थेट रूपांतर होत नाही; ते वजनावरच मोजा.