फॉर्मबीची फेरी: पाइनचं बन, वाळूच्या टेकड्या आणि परतीचा किनारा

फॉर्मबी हे इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या उत्तरेचं, किनाऱ्यावरचं गाव. लिव्हरपूल सेंट्रलवरून साउथपोर्टची मर्सीरेल ही लोकल पकडली की अर्ध्या तासात फ्रेशफील्ड येतं. फॉर्मबी स्टेशनवर उतरू नका, त्याच्या पुढचं. इथून निघून इथेच परत येणारी ही फेरी साधारण आठ किलोमीटरची आहे. चढ नावालाच आहे. रमतगमत अडीच-तीन तास लागतात.

निघण्याआधी एकच गोष्ट नीट बघायची, ती म्हणजे भरती. किनारा इतका सपाट आहे की पाणी ओहोटीला खूप दूर जातं. उधाणाच्या भरतीला, त्यात वारा असेल तर, ते थेट टेकड्यांच्या पायथ्याशी येतं आणि चालायला वाळू उरत नाही. कोकणातला तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब (तिथीचा आकडा गुणिले पाऊण, म्हणजे भरतीची वेळ) इथेही बऱ्यापैकी जमतो, कारण पौर्णिमा-अमावास्येला लिव्हरपूलची भरतीही अकरा-साडेअकराच्या आसपासच असते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं तासभर पुढे असतात, म्हणून पावणेपाच. त्याआधी सहा तास, म्हणजे पावणेअकराच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. हा अंदाज फक्त दिवस ठरवण्यापुरता. निघताना लिव्हरपूलचं भरतीचं कोष्टक बघाच. किनाऱ्यावरचा टप्पा ओहोटीच्या अलीकडे-पलीकडे दोन तासांत बसवा.

बहुतेक लोक आधी समुद्राकडे धावतात. आमचा सल्ला उलटा आहे. इथला वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो. किनाऱ्याने दक्षिणेला गेलात तर वाळू तोंडावर येते. म्हणून जाताना झाडीतून दक्षिणेला जा आणि येताना किनाऱ्याने उत्तरेला, म्हणजे वारा पाठीशी राहतो.

स्टेशनवरून समुद्राच्या दिशेचा व्हिक्टोरिया रोड धरा. दीड किलोमीटरवर नॅशनल ट्रस्ट या निसर्ग-वारसा जपणाऱ्या संस्थेचं फाटक आहे. चालत येणाऱ्याला पैसे पडत नाहीत. गाडीवाल्यांना पार्किंगचे पडतात, आणि उन्हाळ्यातल्या रविवारी ते लवकर भरतं. स्वच्छतागृह इथे उरकून घ्या.

फाटकाच्या आत पाइनचं बन लागतं. लांबून कोकणातल्या सुरूच्या बनाची आठवण होते, आणि कामही तेच: वाळू थोपवणं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला ही झाडं लावली गेली. लाल खारी इथेच दिसतात, सकाळी लवकर आणि शरद ऋतूत जास्त. खाली कुरतडलेल्या पाइनच्या शंकूंचा सडा दिसला की थांबा आणि वर बघा. दाणे घालू नका. 2008 मध्ये खारींना देवीसारख्या विषाणूची साथ आली आणि चार-पंचमांशाहून अधिक गेल्या. खाण्यासाठी एका जागी गर्दी झाली की रोग पसरायला वाव मिळतो. कुत्रा असेल तर साखळी लावा.

पुढे सेफ्टन कोस्टल पाथ या किनाऱ्यालगतच्या पायवाटेच्या खुणा धरून दक्षिणेला चाला. वाट घट्ट वाळूची आहे. बाबागाडी असेल तर बनातल्या बनात फिरून परत फिरा, कारण पुढच्या भुसभुशीत वाळूत चाकं रुततात. साधारण दोन किलोमीटरवर लाइफबोट रोडची पार्किंगची जागा येते. तिथून उजवीकडे वळून टेकड्या ओलांडायच्या, मळलेल्या वाटेनेच. टेकडी धरून ठेवतं ते मॅरम गवत. ते पायाखाली मेलं की तिथे वारा खड्डा पाडतो आणि खड्डा वाढतच जातो. कडेवरही उभं राहू नका. समुद्र इथे वर्षाला सरासरी चार मीटर जमीन खातो, कडा आतून पोकळ असू शकतात, आणि जुन्या नकाशातली वाट जागेवर असेलच असं नाही.

किनाऱ्यावर समुद्र डाव्या हाताला ठेवून उत्तरेला निघा. चाल ओलसर, कडक वाळूवर ठेवा. पाण्याच्या मागे फार आत गेलात तर चिखल लागतो. वाळू वाहून गेलेली असेल तिथे करड्या गाळाचे थर उघडे पडतात. त्यांत हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची, हरणांची, क्रौंच पक्ष्यांची पावलं उमटलेली आहेत. ती दिसतील याची खात्री नाही, कारण उघडी पडलेली पावलं थोड्याच भरत्यांत धुऊन जातात. तिरप्या उन्हात शोधा, फोटो घ्या, पण थरावर पाय नको: ठसे मोडतात आणि माणूस घसरतो.

खरी चूक शेवटी होते. किनाऱ्यावरून सगळ्या टेकड्या सारख्याच दिसतात आणि व्हिक्टोरिया रोडची वाट मागे पडते. माणूस थेट उत्तरेच्या एन्सडेल गावाच्या दिशेने चालत राहतो. बनात शिरण्याआधी फाटकाजवळ फोनच्या नकाशावर खूण करून ठेवा. किनाऱ्यावर अर्धा तास झाला की ती बघायला लागा.

बूट घोट्यापर्यंतचे हवेत, सँडलमध्ये वाळू त्रास देते. वाऱ्यासाठी विंडचीटर, आणि माणशी लिटरभर पाणी. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा अकराला फ्रेशफील्डला उतरलेलं बरं.