धुरा, पऱ्हाटी आणि संत्र्याची बाग: आपल्या मातीतला कर्ब कसा ओळखायचा, कसा टिकवायचा

काळी माती म्हणजे कसदार माती, असं आमच्या नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरकडे सगळेच धरून चालतात. पण रंगावर जाऊ नका. बेसॉल्टपासून झालेल्या या भारी मातीत सेंद्रिय पदार्थ थोडा असला तरी तो चिकणमातीला घट्ट धरून राहतो आणि माती काळीभोर दिसते. माती परीक्षणाच्या अहवालात मात्र सेंद्रिय कर्ब, म्हणजे सेंद्रिय पदार्थातला कार्बन, ०.४ ते ०.५ टक्के येणं आपल्याकडे नेहमीचंच. त्याला १.७२४ ने गुणलं की सेंद्रिय पदार्थ कळतो, म्हणजे पुरता एक टक्काही नाही.

हा आकडा कमी-जास्त का होतो, ते आधी डोळ्यांनी बघा. एप्रिल-मे मध्ये वावर रिकामं झालं की एक ढेकूळ पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वावरातलं घ्या आणि दुसरं त्याच वावराच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, जिथे कुंदा आणि गवत उभं आहे, वखर कधी फिरलेला नाही. बाग असेल तर तिसरं संत्र्याच्या झाडाखालचं. माती एकाच जातीची हवी. टेकाडावरची बरड आणि नाल्याकाठची भारी माती शेजारी ठेवून काही कळणार नाही, कारण चिकणमाती जास्त तिथे कर्बही जास्त टिकतो. ढेकळं सावलीत वाळवा, बोराएवढे तुकडे करा आणि पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा.

‘एकच तर माती हाय ना, सूनबाई,’ असं मामाजी म्हणाले होते. वावरातल्या तुकड्याचा बघता बघता गाळ झाला, धुऱ्यावरचा मात्र धरून राहिला. मग त्यांनीच ते ग्लास ओट्यावर नेऊन शेजाऱ्यांना दाखवले.

धुऱ्यावरचा तुकडा टिकतो तो मुळांमुळे. गवताची बारीक मुळं वर्षभर मातीत असतात, त्यांचा चिकट स्राव आणि बुरशीचे धागे मातीचे कण बांधून ठेवतात. त्या कणांच्या आत अडकलेला सेंद्रिय पदार्थ जिवाणूंच्या हाती सहज लागत नाही. नांगर आणि वखर नेमके हेच कण फोडतात. त्यात आपण उन्हाळाभर वावर उघडं ठेवतो. मृगाचा पहिला पाऊस तापलेल्या कोरड्या मातीवर पडला की जिवाणू एकदम जागे होतात आणि कर्ब वायू होऊन उडून जातो. उरलेली भुसभुशीत वरची माती उतारावरून नाल्यात. जंगलात पालापाचोळा पडतच राहतो, पण तिथला कर्ब बहुतेक वरच्या थरात असतो. म्हणून जंगल तोडून केलेली शेती पहिली काही वर्षं जोमात येते, पुढे तो थर संपत जातो. रामटेक-मौद्याकडच्या धानाच्या बांध्यांत पाणी साचून हवा कमी मिळते, त्यामुळे तिथे कुजणं हळू चालतं.

आता प्रयोगशाळेसाठी नमुना. वावरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वरचा काडीकचरा बाजूला सारून २० सेंटिमीटर खोल, व्ही आकाराचा खड्डा करा आणि कडेची माती वरून खालपर्यंत सारखी खरवडून घ्या. उकिरडा, झाडाखालची जागा आणि धुऱ्याची कड टाळा. बागेत मात्र झाडाच्या घेराखालीच घ्या. सगळी माती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. पिशवी स्वच्छ कापडी घ्या, खताची नको. धुऱ्यावरचा एक वेगळा नमुनाही जरूर पाठवा. तुमची जमीन कुठवर जाऊ शकते, ते त्या आकड्यावरून कळतं.

बदल कुठून सुरू करायचा? माझं म्हणणं, पऱ्हाटीपासून. धुऱ्यावर पेटवलेली पऱ्हाटी म्हणजे जळून गेलेला कर्ब. उभी ठेवली तर गुलाबी बोंडअळीला आसरा. वेचणी संपताच श्रेडरने बारीक करा आणि मातीत मिसळा. तिच्यात नत्र फार कमी असतं, म्हणून सोबत शेणखत किंवा थोडा युरिया द्या, नाहीतर कुजताना ती पिकाचंच नत्र ओढते. कपाशीत तुरीच्या ओळी ठेवा. तुरीची मुळं खोल जातात आणि पानगळ वावरातच पडते. धुऱ्यावर गिरिपुष्प (हिरवळीच्या खताचं झाड) लावलं की पावसाळ्यात कोवळा पाला छाटून ओळींमध्ये टाकता येतो. वखराच्या पाळ्या गरजेपुरत्याच.

संत्र्याच्या बागेत दोन ओळींमधलं गवत उपटू नका, कापून तिथेच पसरा. सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) झाडाच्या घेरात टाका, पण खोडापासून हातभर लांब. खोडाला ओल लागून राहिली तर डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, येतो. आंबिया बहाराचा ताण देताना, म्हणजे फुलोरा यावा म्हणून पाणी तोडताना, हे आच्छादन बाजूला करा, नाहीतर भारी जमिनीत ताण बसतच नाही.

किती वेळ लागेल, याचा हिशेब आधीच करून ठेवा. एका एकरात २० सेंटिमीटरपर्यंत साधारण १,००० टन माती असते. कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा तर एक टन निव्वळ कर्ब मातीत टिकला पाहिजे. घातलेल्या शेणखतातला बराचसा कर्ब वर्ष-दोन वर्षांत उडून जातो, त्यामुळे एका हंगामात आकडा हलत नाही. दर तीन वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच जागांवरून आणि त्याच खोलीवर नमुना घ्या. प्रयोगशाळाही शक्यतो तीच ठेवा.