गुडघा बदलायचाय? भरती होण्याआधी घरी एवढं बघा

मी नाशिकमध्ये हाडांच्या वॉर्डची सिस्टर. द्राक्षाचा हंगाम आटोपला की निफाड-दिंडोरीकडच्या आज्या गुडघे बदलायला येतात. घरच्यांची चौकशी बहुतेक सांधा कोणत्या कंपनीचा, याचीच. मला धास्ती जंतुसंसर्गाची. नव्या सांध्याला जंतू चिकटले तर पुन्हा ऑपरेशन, कधी तो सांधाच काढावा लागतो.

म्हणून तारीख घेण्याआधी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या. ती ८ टक्क्यांच्या वर गेली तर बरेच सर्जन थांबायला सांगतात. थांबा, मुलाच्या सुट्टीसाठी घाई करू नका. किडका दात, लघवीची जळजळ, बोटांमधल्या चिखल्या आधी बऱ्या करा. पाण्यात काम करणाऱ्या बायका चिखल्यांना आजार मानतच नाहीत, पण जंतूंना तेवढी वाट पुरते. गेल्या तीन महिन्यांत गुडघ्यात इंजेक्शन घेतलं असेल तर सर्जनला सांगाच; त्यात स्टेरॉइड असेल तर संसर्गाचा धोका वाढतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पाकीट दाखवा, मनाने बंद करू नका. आणि पायावरून वस्तरा फिरवू नका.

आजी जाग्या असतानाच कोणत्या गुडघ्यावर खूण करायची ते त्यांनाच बोटाने दाखवू द्या. नाव, पाय कोणता, ॲलर्जी कशाची, हे आम्ही पुन्हापुन्हा विचारतो. चिडू नका, जागतिक आरोग्य संघटनेची तपासणी यादीच तशी आहे. सांध्याच्या पाकिटावरचं स्टिकर फाइलमध्ये लागतं. त्याचा फोटो जपून ठेवा.

ऑपरेशननंतर गाडी भरून भावकी येते. माया कळते मला, पण एका वेळी दोघंच आत या, हात धुवा, पलंगावर बसू नका. सर्दी-खोकला असेल तर फोनवर बोला. ड्रेसिंग उचकून बघणं नको, हळद-तेल तर नकोच. भुलीने पाय बधिर असतो, म्हणून पहिल्यांदा उठताना फिजिओथेरपिस्ट किंवा सिस्टर हवीच. रात्री बाथरूमला जाताना संकोच न करता बेल दाबा. पडून असताना घोटे वरखाली हलवत राहा, रक्ताची गाठ टाळायला मदत होते.

घरी गेल्यावर ताप आला, ड्रेसिंग ओलं झालं किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणू नका, त्याच दिवशी सर्जनला दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर मध्यरात्र असली तरी थेट जवळचं कॅज्युअल्टी गाठा.