प्रयोग शिकवताना क्रियापदाला हात धरायला लावा

कर्तरी, कर्मणी, भावे यांच्या व्याख्या सातवी-आठवीच्या मुलांना तोंडपाठ असतात, पण समोर वाक्य ठेवलं की अंदाजपंचे उत्तर येतं. त्यावर एक तासिकेचा उपाय. सामान म्हणून जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू पुरतात.

१. चौघांचा गट करा. तिघांच्या हातात कर्ता, कर्म आणि क्रियापद यांची एकेक पत्रिका. चौथा शब्द बदलणारा.

२. पहिलं वाक्य : 'मुलगा आंबा खातो'. चौथ्याने 'मुलगा' काढून 'मुलगी' द्यायची. 'खाते' झालं, म्हणजे क्रियापद कर्त्यामागे गेलं. त्याने कर्त्याचा हात धरायचा. कर्तरी.

३. आता 'मुलाने आंबा खाल्ला'. 'मुलीने' केलं तरी 'खाल्ला'च. आंब्याऐवजी पोळी आली की मात्र 'खाल्ली'. हात कर्माचा. कर्मणी.

४. शेवटी 'शिपायाने चोराला पकडले'. शिपाई बदला, चोराच्या जागी चोरांना आणा, 'पकडले' हलत नाही. क्रियापद हाताची घडी घालून उभं. भावे. (इथे वर्गात हमखास हशा पिकतो, पिकू द्या.)

नाव गटाने ठरवायचं, तेही हात धरून झाल्यावर. भांडण झालं तर उत्तर सांगू नका, शब्द पुन्हा बदलायला लावा.

पहिल्या दिवशी कर्ता म्हणून 'मी' आणि 'तू' टाळा. 'मी आंबा खाल्ला' हा कर्मणीच, पण 'ने' दिसत नसल्याने मुलं फसतात. 'तू आंबा खाल्लास'मध्ये तर क्रियापद दोघांचेही हात धरतं.