नागपूरकर दोघांसाठी: बाणकोट ते चिपळूण, बोटीने

नागपुरात आपण सुट्टी ठरवतो ती कॅलेंडरवरचे लाल वार बघून. या प्रवासासाठी कॅलेंडर तेच घ्या, फक्त वाराऐवजी तिथी बघा. कोकणातल्या बाणकोटहून समुद्रात निघायचं, केळशी, हर्णै मागे टाकत दाभोळच्या खाडीत शिरायचं आणि पुढे वाशिष्ठी नदीतून चिपळूणजवळच्या गोवळकोटला पोचायचं. समुद्राचा टप्पा साधारण 45 किलोमीटर, खाडी-नदीचा जवळपास तेवढाच. दाभोळ खाडी-वाशिष्ठी हा 2016 च्या कायद्यातल्या 111 राष्ट्रीय जलमार्गांपैकी एक आहे.

आधी तिथीचं गणित. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी 6 आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास भरती, दुपारी 12 च्या आसपास ओहोटी. आम्ही पहिल्यांदा गेलो ते अष्टमीलाच, कारण ह्यांची रजा तेव्हाच मंजूर झाली होती. दाभोळच्या तोंडाशी भर ओहोटीत पोचलो. खाडीच्या मुखाशी वाळू साचलेली असते, त्यामुळे पाणी चढेपर्यंत तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, आत शिरेना. दोन तास बाहेर हेलकावे खात थांबलो, तोवर दुपारचा वारा सुटला आणि ह्यांना बोट लागली. त्यात चूक आमचीच होती.

म्हणून आता मी चतुर्दशी धरते. त्या दिवशी भरती साडेदहाला. डिसेंबरात 7 ला उजाडतं, तेव्हा बाणकोट सोडायचं. ताशी 15 किलोमीटरने 10 वाजता दाभोळच्या तोंडाशी पोचतो, पाणी अजून चढतं असतं. चढत्या पाण्यात बोट वाळूला टेकली तरी पाणीच तिला उचलतं. उतरत्या पाण्यात टेकली तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. एक लक्षात ठेवा, पाणी सारख्या गतीने चढत नाही. भरतीच्या सहा तासांत तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी येतं, पहिल्या तासात फक्त बारावा हिस्सा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे खोली जास्त, पण ओढही जास्त. पाऊणपटीचा हिशेब बेत आखण्यापुरताच, निघायची वेळ छापील भरती-ओहोटीचं कोष्टक आणि तांडेलाचा शब्द यांवरच ठरवा.

वाराही सकाळीच निघा म्हणतो. शाळेत पाठ केलेले मतलई आणि खारे वारे इथे खरे भेटतात: पहाटे जमिनीकडून मंद झुळूक, दुपारनंतर समुद्राकडून जोराचा वारा आणि त्याबरोबर लाटा. जून ते सप्टेंबर हा बेत नकोच.

बोट ठरवताना घासाघीस भाड्यावर करू नका. कागद बघा: नोंदणी, प्रवासी वाहतुकीचा परवाना, किती माणसांची परवानगी. मासेमारीच्या बोटीत बसू नका. डिझेल तीन वाटे मोजा, एक जायला, एक परत फिरायला, एक हात न लावता राखून ठेवायला. मोबाइलला रेंज असेलच असं नाही, तेव्हा वायरलेस चालू असल्याची खात्री करा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554 दोघांनाही पाठ हवा.

लाइफ जॅकेटची सवय नागपुरातच करा. रामटेकजवळच्या खिंडसी तलावात बोटिंग होतं. तिथे जॅकेट घालून तासभर बसा, पट्टे एकमेकांचे आवळा. दोघांत कामं वाटून घ्या. आमच्यात मी घड्याळ आणि पाणी सांभाळते, हे नाळेशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, बसून जाळी बघतात. हे काम हलकं समजू नका. डोल, म्हणजे पाण्यात बांधून ठेवलेल्या मासेमारीच्या जाळ्यांचे तरंगते खुणेचे डबे चुकले तर दोर पंख्यात गुंततो आणि इंजिन बंद पडतं. बोट लागत असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर नको. नजर क्षितिजावर ठेवा.

वाटेत हर्णै आहे, समुद्रात सुवर्णदुर्ग दिसला की ओळखा. वारा बिघडला तर तिथेच थांबा. दाभोळला शिरताना अंजनवेलचं दीपगृह खूण म्हणून धरा. समुद्रातून आत येताना तांबडा बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) डावीकडे राहतो, हिरवा उजवीकडे. पुढे दाभोळ-धोपावे फेरीबोटीला आधी जाऊ द्या. मुक्काम दाभोळला.

दुसऱ्या दिवशी भरती सव्वाअकराला. सकाळी 8 ला निघालात तर चढतं पाणी बोटीला आत ओढत नेतं, डिझेल वाचतं. इथे वाट सावकाश कापावी असं मला मनापासून वाटतं. दोन्ही काठांना खारफुटी, उघड्या चिखलावर ऊन खात पडलेल्या मगरी. हात पाण्यात सोडू नका, फोटोसाठी काठाशी बोट न्यायला सांगू नका. गोवळकोटला पाणी उतरायच्या आत धक्का गाठा, नाहीतर सामान डोक्यावर घेऊन चिखल तुडवावा लागेल.